जड बटण

व्हिडिओ गेमची मशीन दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या नवऱ्याचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला. व्यायामाचा रबरी चेंडू त्याने पहिल्याच दिवशी भिरकावून दिला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

घरातल्या जुन्या मशीनवर मात्र तो रोज हट्टाने, त्याच हाताने खेळायला बसायचा.

"गोळी झाडायचं बटण दिवसेंदिवस जड होत चाललंय," तो कुरकुरायचा.

"त्याचंही वय झालं की आता!" बायको म्हणायची, आणि तो आंघोळीला गेला की झाकण उघडून बटणाखाली आणखी कडक स्प्रिंग बसवायची.

आज त्याच्या बोटाने बटण पार तळापर्यंत दाबलं. पडद्यावर शत्रूचं विमान फुटलं.

"अगं," पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "झाकणाचे स्क्रू नीट आवळत जा. आणि उद्या याहून कडक स्प्रिंग टाक."