कच्ची माती

डोंगरावरच्या रानातली नवी जागा मिओक भांगेसाठी जीव तोडून खणत होती. भांगेच्याच धाग्यांतून म्हाताऱ्यांचं कफन विणायची गावाची रीत होती. डॉक्टरांनी सासूबाईंना पहिल्या बर्फापर्यंतचीच मुदत दिली होती. ते फक्त मिओकला ठाऊक होतं. तिने मुळं उपटली, कुजलेला पाला मातीत कालवला. तेवढ्यात सासूबाई काठी टाकून त्या मातीत चक्क आडव्या झाल्या. मिओक कुदळ टाकून धावली. "आई, उठा बघू." त्या सावकाश उठल्या, पाठ चोळत म्हणाल्या, "कच्ची आहे गं अजून, मुळं टोचतात. असल्या मातीतला धागा राठ निघतो. जन्मभर राठच घातलं, जाताना तरी मऊ नको? यंदा बटाटे लाव, माती भुसभुशीत होईल. भांग पुढच्या वर्षी." डॉक्टरांचं बोलणं मिओकच्या ओठांवर आलं. ते गिळून तिने विचारलं, "आई, बटाट्याचं बेणं कुठे ठेवलंय?"