डावीकडची सीट

"सोड, अजून सोड!" रघू केबिनमधून ओरडला.

निलेशने पाण्याचा पाइप पिकअपच्या टपावर धरला. रोह्याच्या अलीकडे, धाटावच्या फाट्यावर रघूचं गॅरेज होतं. लख्ख ऊन पडलं होतं आणि त्या एकट्या गाडीवर धो धो पाणी पडत होतं. आत डावीकडच्या सीटवर निलेशची बायको प्रतिक्षा बसली होती. सातवा महिना. कालच ओटी भरली होती, आणि आज तो तिला हमरापूरहून रोह्याला माहेरी सोडायला निघाला होता. सीटवर त्याने घरून कोरडा टॉवेल घालून आणला होता. पेण सोडल्यावर त्याने सहज टॉवेलला हात लावला. ओला.

चार दिवस हेच चाललं होतं. रोज सकाळी तो तिला गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकामाला सोडायचा आणि ती उतरली की सीट ओली. पहिल्या दिवशी त्याने पावसावर ढकललं. दुसऱ्या दिवशी काचेचं रबर बदललं. तिसऱ्या दिवशी दारांच्या फटी सिलिकॉनने भरल्या. काल तर दिवसभर कडक ऊन होतं. तरी ओटी भरून घेण्यासाठी ती देवळापर्यंत गाडीतून गेली आणि सीट ओली झालीच. एकटा भाडं मारून आला की मात्र सगळं कोरडं. पाणी तिच्याच मागावर असल्यासारखं होतं.

गाडी पुरातली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी टपापर्यंत बुडालेली, म्हणून स्वस्तात मिळाली. निलेशची आई धोंडुबाई गाडी दारात आली त्याच दिवशी म्हणाली होती, "पाण्यानं एकदा धरलेली वस्तू पाणी सोडत नाय रं. ती काहीतरी मागणार." निलेश तेव्हा हसला होता. मग प्रतिक्षाचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरं पाचव्या महिन्यात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, निलेशचं तर दोनदा पोळलं होतं. त्याने बंपरला काळी बाहुली बांधली, दर शनिवारी लिंबू-मिरची बदलली, आणि ही गोष्ट मित्रांपासून लपवली. हे तिसरं होतं. तेही गेलं तर प्रतिक्षा उभी राहणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. सीट ओली दिसली की त्याला तेच आठवायचं. आईशी बोलायची सोय नव्हती, तिने लगेच गाडी विकायला लावली असती. प्रतिक्षाला काही विचारायचा धीर नव्हता. मग उरली गाडी. तिच्यामागे तो हात धुऊन लागला होता.

रघूला भुताखेतांचं वावडं होतं. "पाणी हाय म्हणजे भोक हाय," तो म्हणाला होता. निलेशकडे कारखान्यातलं शंखजिरं होतं, मूर्ती साच्याला चिकटू नये म्हणून लावतात ती पांढरी भुकटी. ती रघूने काचेच्या आतल्या कडेला, दारांना, टपाच्या शिवणीला बोटाने लावली. पाण्याचा थेंब शिरला की भुकटीत रेघ उमटणार. जुना टॉवेल काढून त्याने दुसरा सुका टॉवेल अंथरला. "वैनी, तुमी बसूनच राव्हा. तुमी बसल्यावरच व्हतं ना ओलं? मग तसंच बघू."

अर्धा तास पाणी मारून झालं. रघूने टॉर्च फिरवून इंच न् इंच पाहिला. शंखजिऱ्यावर एक रेघ नव्हती. डॅशबोर्डखाली हात घातला, हीटरचा पाइपही कोरडा. मॅटखालचा वर्तमानपत्राचा कागद कुरकुरीत होता.

"उतरा वैनी."

प्रतिक्षा दाराला धरून हळूच उतरली. टॉवेलच्या मधोमध ओला डाग होता.

निलेशने पाइप टाकून टपाकडे पाहिलं. टपावरून नाही, काचेतून नाही, खालूनही नाही. त्याला आईचे शब्द आठवले. "रघूदा, ही गाडी इथंच ठेव," तो कसाबसा म्हणाला. "जाळ, विक, काय पण कर. मी हिला रिक्षानं नेतो."

रघूने टॉवेल उचलून नाकाशी नेला. गाडीच्या कूलंटचा गोडसर वास नव्हता, गंजाचा नव्हता. मग त्याने तो तळहातावर धरला. पाइपचं पाणी विहिरीचं होतं, गारेगार. टॉवेल कोमट होता.

रघूने टॉवेल बाकावर ठेवला, आणि गॅरेजमागच्या घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. "सरू, ए सरू! जरा हिकडं ये गो."

सरू पदराला हात पुसत आली. रघू तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने टॉवेलकडे पाहिलं, प्रतिक्षाच्या पाठीवर हात ठेवून तिला गाडीच्या आडोशाला नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "कधीपासून गो?"

"चार दिस झालं," प्रतिक्षा खाली मान घालून म्हणाली. "घरी पण ओलं वाटायचं. कारखान्यात पण. हे म्हनले गाडी गळते, तर मला पण तेच खरं वाटलं. माज्या आईला इचारणार व्हते आज."

सरू वळली. निलेश अजून गाडीच्या टपाकडेच बघत होता.

"गाडी कोरडी हाय, निलेश. उचल हिला आन् आधी दवाखाना गाठ. पोराच्या पिशवीचं पाणी जातंय, आन् तू चार दिस गाडी तपासतोस!"