मिठाची बरणी

सत्त्याण्णव साली मानसिंगचे तीन सर्व्हर आपापली जुनी प्रत पाहून एकच नोंद तीनदा बदलायचे. त्यानं तोड काढली: लिहिण्याच्या परवानगीची एकच किल्ली; ती ज्याच्याकडे, त्यानंच लिहायचं, इतरांना कळवायचं. घरी तिन्ही वहिन्या न विचारता मीठ टाकायच्या, आमटीपुढं समुद्र गोड लागायचा; तिथंही तोच कायदा: बरणी जिच्याकडे, तिनंच मीठ घालायचं. रविवारी ऑफिसातले साहेब जेवायला आले, तर आमटी अळणी! “थोरल्या अक्का बरणीसकट चिकपेटच्या बाजारात गेल्यात, भावजी,” धाकटी म्हणाली, “कायदा तुमचाच, आम्ही थांबलोय.” मानसिंगनं घास ताटात ठेवला. किल्लीवाला सर्व्हरच बंद पडला तर बाकीचे युगानुयुगं थांबतील, आणि उद्या बोम्मसंद्र्याचा कारखाना त्या सर्व्हरांवरच चालणार! “साहेब, किल्लीवाल्यानं दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर किल्ली दुसऱ्याला द्यायची!” तो ओरडला. साहेबांनी आनंदानं तीन वाट्या ओरपल्या. “अशी आमटी कधी खाल्ली नाही!” मानसिंगच्या आई रत्नाबाई सुनांना म्हणाल्या, “ऐकलंत? आजपासून मीठच बंद!”