सहीनिशी अहवाल

आमचे हे थरथरणाऱ्या पाइपांचे डॉक्टर. हवा अडथळ्याला वळसा घालताना मागे भोवरे सोडते आणि त्या भोवऱ्यांनी धडधाकट चिमणीसुद्धा कशी लटपटते, हे ते जेवताना चमच्याने पाण्यात भोवरे काढून दाखवतात. कारखानेवाले फोनवर नुसता आवाज पाठवतात आणि हे घरबसल्या दोष सांगतात. तोही सहीनिशी. एकदा सही केली की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरवायचे नाहीत. अशा माणसाशी घरात वाद घालून काय उपयोग? म्हणून तेवीस वर्षं मी गप्प.

परवा माझ्या भावाच्या फोनवरून एक आवाज आला. यांनी डोळे मिटून तो तीनदा ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"बाप रे! तोंडाशी काहीतरी सैल पडलंय. हवा गेली की फडफडतंय. असल्या खटाऱ्याशेजारी माणसं बसतात तरी कशी?"

"बसतात बिचारी. दुरुस्त होईल?"

"छे! वय झालंय त्याचं. सरळ बदलून टाका म्हणावं."

"तसं लिहून द्या ना."

यांनी लिहून दिलं, खाली झोकात सही ठोकली. मी कागदाची घडी घालून कपाटात ठेवली.

"अगं, भावाला पाठव की तो!"

 

"मशीन त्याचं नाही हो. काल दुपारी 'मी घोरतच नाही' म्हणत तुम्ही आडवे झालात ना, तेव्हा मीच टिपून त्याच्याकडून पाठवायला लावलेला आवाज आहे. आता नवीन कुठे मिळतं, तेवढंही लिहून द्या."