पांढरी खिडकी

पेनड्राइव्ह लावला, डबल क्लिक केलं आन् अबुजरनं डोळेच मिटले. उघडले तर सादिकभाईच्या लॅपटॉपवर लॉजच्या रिकाम्या-भरलेल्या खोल्या हिरव्या-लाल चौकोनांत झळकत होत्या.

"विंडोज असू द्या, मॅक असू द्या, एकच ॲप," अबुजर तुळजापूरच्या लॉजवाल्यांना म्हणाला. "मशीनच्या पोटात आधीच असलेला ब्राउझर वापरतंय. म्हणून फाईल एवढुशी."

वर्षभर नोकरी सोडून, अब्बांची बोलणी खाऊन त्यानं एवढंच केलं होतं.

लॉजवाल्यांचे म्होरके शिवशरणकाका पान चघळत बघत राहिले. "झ्याक हाय. पण डिट्टो असंच मागच्या आठवड्यात सोलापूरच्या एकानं दावलं. आमी त्याला हो म्हणून बसलो."

"डिट्टो?"

"ह्यो हिरवा रंगसुदिक."

खाली चहाच्या टपरीवर सादिकभाईनं अबुजरच्या खांद्यावर हात ठेवला. धाराशिवात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. अबुजरच्या लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं, तो नवरात्रापासनं तिथंच पडून; अबुजर दुकानात जाऊनच त्यावर काम करायचा. म्हणून आज भाईनं स्वतःचा लॅपटॉप आणलेला, वर गाडीचं पेट्रोलही त्याचंच. एवढा दिलदार माणूस.

"म्या कुणाचं नाव घेत न्हाय," सादिकभाई म्हणाला. "मला कोडातलं अलिफ-बे कळत न्हाय. पण तुझ्यासंगं कोड लिहायला बसायचं कोण?"

माज. अबुजरच्या सख्ख्या मामाचा पोरगा. दोघं एका ताटात जेवलेले.

अबुजरनं तिथूनच फोन लावला. टपरीवरची गिऱ्हाइकं चहा विसरून ऐकायला लागली.

"कुणाला विकलंस रं?"

"काय, भाई?"

"काय म्हणं. थांब, आजची ताजी फाईल धाडतो. घे, हीबी विक. आन् आजपासनं तू मला मेलास."

मोबाईलमधली फाईल धाडली, फोन कापला. सादिकभाईनं आणखी दोन चहा सांगितले.

चहा यायच्या आत माजचाच फोन आला.

"भाई, ही चालतच न्हाय. नुसती पांढरी खिडकी उघडतीय."

"नाटकं नको करू."

"ॲपमधला पत्ता बदलायचा राहिलाय तुमचा. ही खिडकी आतलं पान त्याच मशीनवर शोधतीय. जिथं आपला आख्खा कोड आधीच चालू आसंल, तिथंच ही दिसंल. बाकी दुनियेत पांढरी. लॉजवाल्यांपुढं पांढरी निघाली, व्हय? त्याचा राग माझ्यावर काढला?"

अबुजरला मघाचे हिरवे-लाल चौकोन आठवले, पेनड्राइव्ह लावताच सादिकभाईच्या लॅपटॉपवर झळकलेले.

समोर सादिकभाई लॅपटॉप अलगद पिशवीत सारत होता. त्यानं चहाचा ग्लास पुढं सरकवला.

"काय म्हणतोय चोर?"