जाऊ दे

त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला पाच महिने होत आले होते. वाचनालयाच्या पुस्तकांना बाइंडिंग करून देणाऱ्या ताईंचं ते पत्र. शब्दकोशात दडवलेलं, तरी त्यांना तोंडपाठ होतं.

'काका, मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसले की कळतं. तुमचे ओठ मिशीत असतात. मी पुन्हा विचारलं, की तुम्ही हात झटकून "जाऊ दे" म्हणता. तेवढं मात्र मला दर वेळी कळतं.'

तेव्हापासून पुस्तकं न्यायला ताईंचा भाऊ यायचा. ताई पुन्हा कधी येतील का, हे भावाला विचारण्याची ग्रंथपालांची छाती झाली नाही.

उत्तराचे अकरा खर्डे झाले. एक पाल्हाळीक, एक अति नम्र, उरलेले नुसतेच रडके. आज सकाळी बारावा साधला. चारच ओळी! त्यांनी पाकीट चिकटवलं आणि त्याच भरात आरशासमोर जाऊन चाळीस वर्षांची मिशी उतरवून टाकली.

"अगं बाई! कोण पाहिजे आपल्याला?" बायकोनं विचारलं.

"पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो," म्हणत ते डाव्या पायात उजवी चप्पल घालून निघाले.

पेटी ताईंच्या दुकानासमोरच होती. पाय मात्र दुकानात शिरले. ताई एका पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होत्या. त्यांनी मान वर केली आणि ब्रश हातातच राहिला.

उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून ग्रंथपाल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग सगळा जीव एकवटून ओरडले, "कशा! आ! हा! त!"

आतून भाऊ धावत आला. "काय पडलं?"

ताई हसत सुटल्या. "ओरडू नका, काका. रोजच्यासारखं बोला. मिशीशिवाय किती घाबरट दिसता तुम्ही!"

"घाबरट तर मी आहेच," ते हळूच म्हणाले.

"ते माहितीये मला."

कळलं! पहिल्या झटक्यात कळलं! ग्रंथपालांनी पाकीट पुढे केलं. ताईंनी हात मागे घेतला.

"मी पोस्टानं पाठवलं होतं. उत्तरही पोस्टानंच पाहिजे."

या वयात त्यांनी जवळजवळ धावतच रस्ता ओलांडला. पाकीट पेटीत पडलं. वळून पाहतात तर ताई दारात. मध्ये ट्रक, हॉर्न, नुसता गोंगाट.

"टाकलं!" ते आवाज न काढताच म्हणाले.

ताईंनी मान डोलावली. मग त्याही तशाच, आवाज न काढता काहीतरी बोलल्या. ग्रंथपालांना ओ की ठो कळलं नाही. त्यांनी हात हलवून विचारलं, "काय?"

ताईंनी तोंड उजेडाकडे केलं आणि पुन्हा सांगितलं.

"काय?"

ताई पायरी उतरून पार रस्त्याच्या कडेला आल्या आणि तिसऱ्यांदा सांगू लागल्या.