आईचं तिकीट

विमान कंपनीच्या ऑफिसातून महिपती परतले ते चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात आले. शैलाताई डिंकाचे लाडू वळत होत्या. महिपतींनी खिशातून दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढून लाडवांच्या परातीशेजारी ठेवल्या. आतला कागद काळाकुट्ट होता.

"हे काय?"

"दीपालीचे बोर्डिंग पास. मी लॅमिनेट करून घेतले होते."

शैलाताईंनी एक पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. नाव दिसेना, तारीख दिसेना. ऑफिसातल्या मुलीनं महिपतींना फार गोड बोलून समजावलं होतं, की हा कागद उष्णतेवर छापतात, तो गरम मशिनीतून काढला की सगळाच काळा होतो. तिनं पाणीही विचारलं होतं. एवढ्या आदरानं नाही म्हणणारं माणूस महिपतींना पुण्यात प्रथमच भेटलं.

लॅमिनेशनवर महिपतींचा जुना विश्वास. रेशनकार्ड, निवृत्तीचं पत्र, मुलीची सगळी प्रमाणपत्रं त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली होती. तिची लग्नपत्रिकासुद्धा. लग्न मोडलं, पत्रिकेला मात्र अजून सुरकुती नाही. दिवाळीला दीपाली अमेरिकेहून आली तेव्हा तिकीट एका कंपनीचं आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचं, असला प्रकार होता. त्यामुळे तिच्या खात्यात त्या प्रवासाचे माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठी साठणारे गुण, पडलेच नाहीत. इथल्या ऑफिसात मूळ पास दाखवले की मिळतील, बाबा, जपून ठेवा, असं सांगून ती गेली. महिपतींनी जपायचं म्हणजे काय करायचं ते केलं. बिबवेवाडीतल्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काम झाल्यावर काही न बोलता पाकीट चिकटवून दिलं, आणि महिपतींनी ते तसंच कपाटात ठेवलं. ते उघडलं आज, काउंटरवर.

आधीच्या साठ्यात ते माइल्स जमा झाले असते तर शैलाताईंचं तिकीट फुकटात निघत होतं. विकत घ्यायची ऐपत घरात कुणाची उरली नव्हती. मंदीत दीपालीचा पगार निम्मा झाला होता, नवरा सोडून गेला होता आणि तिला आठवा महिना लागला होता. तिकडे तिच्याजवळ कुणी नव्हतं.

त्यात आईशी तिचं फाटलेलं. दिवाळीत शैलाताई एकदाच बोलून गेल्या होत्या, की एकटीनं मूल वाढवायला निघालीस, त्या जिवाचा विचार केलास का. बोलल्या आणि त्याच क्षणी जीभ चावली, पण दीपाली उठून गेली होती. तेव्हापासून तिचा फोन फक्त बाबांना. सगळं तुटल्यावर तिचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि गेल्या आठवड्यात त्या माणसापाशी ती पहिल्यांदा म्हणाली होती, "आईला पाठवा ना." त्या रात्री शैलाताईंनी भांड्यांवर पाणी सोडून मनसोक्त रडून घेतलं आणि सकाळी महिपतींना डिंक आणायला पाठवलं.

"माझ्या हातानं घालवलं मी," महिपती म्हणाले. "इतकं जपून ठेवलं आणि माझ्याच हातानं घालवलं."

शैलाताईंना नवऱ्याचा राग यायला हवा होता, पण समोर उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहून तो येईना.

तेवढ्यात मोबाइल वाजला. महिपतींना कमी ऐकू येई, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"बाबा, झालं काम?"

कंपनी नाही म्हणते, एवढं महिपतींनी कसंबसं सांगितलं. नाही कशी म्हणते, दीपाली तडकली, पासवर सगळं छापलेलं असतं. "तुम्ही ते पास मला आजच कुरिअर करा. मी इथून भांडते. आईला मी आणणार म्हणजे आणणार."

"दीपा, ऐक. ते पास ना, मी..."

शैलाताईंनी तुपाच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"पासबिस काही पाठवत नाहीत ते. मीच नको म्हटलं. मला नाही यायचं तिकडे."

दीपालीचा आवाज एकदम खाली आला.

"तब्येत बरी नाही का तुझी?"

"तब्येत ठणठणीत आहे."

"मग दिवाळीत बोललीस तेच ना? अजून तेच आहे तुझ्या मनात."

महिपती जोरजोरात मान हलवत फोनसाठी हात पुढे करत होते. शैलाताईंनी त्यांच्याकडे पाठ केली.

"हो," त्या म्हणाल्या. "तेच आहे."

"बाबांना दे."

त्यांनी फोन महिपतींच्या हातात ठेवला आणि परातीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. पण लाडू वळला जाईना.

"बाबा," दीपाली रडत होती, "तुम्ही तरी आहात ना माझे?"

महिपतींनी बायकोकडे पाहिलं. शैलाताई वळल्या. डोळे भरून वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांनी फक्त मान हलवून नवऱ्याला खुणावलं, हो म्हणा.